चौकटीतली शिळी कढी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुनी गाणी नव्याने रेकॉर्ड करून पुन्हा विकण्याच्या पद्धतीवर लेख आला होता. लेखाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते लेखाच्या पायाशी टाकलेल्या चौकटीशी. ‘जगभरातली शिळी कढी’ असं तिचं शीर्षक, आणि त्यात एका जपानी बँडचा निकाल अडीच ओळींत लावलेला: ‘बक टिक’ नावाच्या ‘ॲनिमे बँड’ने (ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून) १९९२ मध्ये आपल्या हिट गाण्यांचा संग्रह पुन्हा रेकॉर्ड केला आणि चाहत्यांच्या खिशात हात घातला. सोबत मोठ्या डोळ्यांच्या, निळ्या केसांच्या एका कार्टून मुलीचं चित्र. तिचा या पाच माणसांशी काडीचा संबंध नाही.

मी जपानी भाषेची दुभाषी. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भाषा शिकले आणि पुढे तीस वर्षं पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत ती बोलत राहिले. दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करायची सवय हाडीमांशी खिळलेली आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या. अडीच ओळींत तीन चुका म्हणजे जरा जास्तच होतं. त्यातल्या दोन किरकोळ आहेत. तिसरीसाठी हे पत्र.

पहिली, नावाची. इंग्रजीत लिहिलेलं नाव वाचून तुम्ही ‘बक टिक’ केलंत. जपानी माणूस ते ‘बकुचिकु’ म्हणतो, कारण मूळ शब्दच ‘बकुचिकु’ आहे. अक्षरशः अर्थ ‘फुटणारा बांबू’, आणि रोजच्या वापरात अर्थ फटाक्यांची माळ. आपल्या लवंगी माळेसारखी. त्या शब्दाला इंग्रजी स्पेलिंगचा कोट चढवला, इतकंच. १९८८ मध्ये त्यांचं गाणं एका सीडी-रेडिओ-कॅसेट प्लेअरच्या जाहिरातीत वाजायचं, तिथे या नावाचं चक्क क्रियापद केलं होतं: खर्ज ‘बकुचिकु’ होतो, म्हणजे तडतड फुटतो. मला हे भाषांतरित करायला सांगितलं असतं तर मी दोन दिवस मागून घेतले असते.

दुसरी चूक ‘ॲनिमे बँड’. पुढे त्यांनी ॲनिमेला गाणी दिली, ‘शिकी’ला दिलं, ‘ट्रिनिटी ब्लड’ला दिलं. पण १९८५ पासून वाजवणाऱ्या बँडला त्यावरून ओळखायचं म्हणजे एखाद्या मुरलेल्या रंगभूमीच्या नटाला साबणाच्या जाहिरातीवरून ओळखण्यासारखं आहे. असो.

आता तिसरी. ज्या अल्बमला तुम्ही ‘हिट गाण्यांचा संग्रह’ म्हटलंय, त्याच्या नावातच इंग्रजीत लिहिलेलं आहे: ‘धिस इज नॉट ग्रेटेस्ट हिट्स’. त्यातला ‘नॉट’ ठळक, सगळा मोठ्या लिपीत. म्हणजे तुमची चौकट कोणी तरी लिहिणार हे त्यांना १९९२ मध्येच ठाऊक होतं. बिचाऱ्यांनी दारावर पाटी लावून ठेवली, ‘येथे किराणा मिळत नाही’, आणि तुम्ही आत शिरून साखर मागितलीत.

नावाचा जपानी भाग आहे ‘कोरोशि नो शिराबे’. ‘कोरोशि’ म्हणजे हत्या, मारणं. ‘शिराबे’चे मात्र दोन अर्थ. एक सूर, धून. दुसरा तपासणी, चौकशी. पोलीस करतात ती. दोन्ही एकाच शब्दात बसलेले. इंग्रजीत याला बहुतेक वेळा ‘मेलडी’ करून मोकळे होतात आणि निम्मा शब्द सांडतो. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि हे नाव मराठीत कसं आणावं याचा विचार करत एका सायकलवर चालले होते. त्यांच्याकडे धून आणि तपास एका शब्दात, तर आपल्याकडे ‘चाल’. गाण्याची चाल, आणि कोणी तरी खेळलेली चाल. ‘हत्येची चाल’! सायकल थांबवून मी एकटीच हसले होते. मागून येणाऱ्या आजोबांनी घंटी वाजवली.

ही सायकल होती गुनमा जिल्ह्यातल्या ओता गावातली. गाव मोटारींचं. आमच्या पिंपरीच्या एका कंपनीने बारा तरुण इंजिनिअर सुटे भाग बनवण्याचं प्रशिक्षण घ्यायला तिथे आठ महिने पाठवले होते आणि त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून मला. जानेवारी १९९२. तोपर्यंत मी जपान पाहिलेला नव्हता. जपानी बोलताना मी जे काही बोलत होते ते पुस्तकातलं, आणि तेही आधीच्या पिढीच्या पुस्तकातलं. गुनमात हिवाळ्यात डोंगरावरून कोरडा वारा येतो, ‘काराक्काझे’ म्हणतात त्याला. तो मार्चपर्यंत हटत नाही. माझ्या साडीने त्या वाऱ्यापुढे दोन दिवसांत हार मानली.

तिथल्या कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर हजेरीचे तक्ते भरणारी एक मुलगी होती, माझ्याच वयाची. दिवसभर निळा गणवेश, केस मागे बांधलेले, बोलणं अगदी हळू. सोमवारी, २३ मार्चला, ती कामावर आली ती डोळे सुजवून. मला वाटलं घरी काही झालं. झालं होतं ते इतकंच की शनिवारी ‘कोरोशि नो शिराबे’ दुकानात आला होता आणि ती दोन रात्री झोपली नव्हती. पर्समधून तिने सीडी काढून दाखवली, ओबी म्हणतात ती कागदी पट्टीसुद्धा जपून ठेवलेली. तेव्हा नवी सीडी साधारण तीन हजार येनांची. आपले सहाशेच्या आसपास रुपये होत. मला तेव्हा पुण्यात खोलीचं भाडं त्याहून कमी होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात ती आमच्या वसतिगृहाच्या खोलीवर आली. बरोबर दोन सीड्या, एक जुनी आणि एक नवी. ‘व्हिक्टिम्स ऑफ लव्ह’ नावाचं गाणं तिने आधी जुन्या सीडीवर लावलं. मला ते बरं वाटलं. पळतं गाणं, ढोल टणटणीत, गाणारा मुलगा उंच पट्टीत, जरा नाकात, आरशात बघत गातोय असं वाटणारा. मग तिने तेच गाणं नव्या सीडीवर लावलं. मी सुरुवातीला ओळखलंच नाही. वेग अर्ध्यावर आणल्यासारखा. पोकळ्या सोडलेल्या. आणि गळा? गळा एक मजला खाली उतरला होता. तोच माणूस, अत्सुशी साकुराई, पण आता त्याला आरशाची गरज नव्हती. जुन्यात जे गाणं तीन-चार मिनिटांत हात झटकून निघून जायचं, ते इथे येऊन मांडी घालून बसलं. मधेच मी काही तरी विचारायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला, आपल्याकडे मैफलीत बोलणाऱ्याला करतात तसा.

संपूर्ण अल्बममध्ये चौदा गाणी आहेत आणि ती सगळी काही अशी बदललेली नाहीत, हेही सांगायला हवं. काही थोडी घट्ट केली, काहींना फक्त वजन आलं. ‘जस्ट वन मोअर किस’ मला आजही जुनंच आवडतं. ते गाणं ज्या वयाचं आहे त्या वयातच ठेवायला हवं होतं. सव्विसाव्या वर्षी तो उनाडपणा जमत नाही, नाटक केल्यासारखा वाटतो. माझ्या या मतावर ती मुलगी माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नव्हती. तेहतीस वर्षं झाली, मत तेच आहे.

हे पाच जण कोण, ते वाचकांसाठी थोडक्यात. गाव फुजिओका, गुनमातलंच. शाळेतले मित्र. गिटारवर हिसाशी इमाई आणि हिदेहिको होशिनो, बासवर युताका हिगुची, ढोलावर त्याचाच मोठा भाऊ यागामी तोरु, आणि गायला साकुराई. साकुराई आधी ढोल वाजवायचा. १९८५ च्या शेवटी तो माईकपुढे आला आणि ढोलावर यागामी आला. तेव्हापासून २०२३ पर्यंत यातला एकही माणूस बदलला नाही. १९८७ मध्ये एका छोट्या कंपनीतर्फे पहिला अल्बम, त्याच वर्षी व्हिक्टर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे. १९८९ चा ‘टॅबू’ लंडनला जाऊन केलेला, तो ओरिकॉनच्या, म्हणजे जपानातल्या खपाच्या, यादीत पहिला आला. त्याच वर्षी इमाईला अमली पदार्थाच्या गुन्ह्यात अटक झाली, बँड काही महिने बंद पडला आणि २९ डिसेंबरला टोकियो डोममध्ये परतला. तेव्हापासून २९ डिसेंबर ही त्यांची तारीख होऊन बसली. पुढे बहुतेक वर्षअखेरींना बुदोकानात, टोकियोतल्या मोठ्या सभागृहात, त्यांचा कार्यक्रम, आपल्याकडे एखाद्या उत्सवाची तिथी असावी तसा. मग १९९० चा ‘आकु नो हाना’. फ्रेंच कवी बोदलेअरच्या कवितासंग्रहाला जपानीत जे नाव आहे तेच. आणि १९९१ चा ‘कुरुत्ता ताइयो’, पिसाळलेला सूर्य. तिथे त्यांचा आवाज खरा सापडला असं बहुतेकांचं म्हणणं. माझंही.

आता कढीचा मुद्दा.

शिळ्या कढीला ऊत आणण्याचा आरोप करायचा तर आधी कढी शिळी असावी लागते. या चौदातलं ‘स्पीड’ जानेवारी १९९१ चं. ‘मॅड’ची सिंगल त्याच वर्षीच्या जूनमधली, ‘जुपिटर’ची ऑक्टोबरमधली. म्हणजे मार्च १९९२ मध्ये ही गाणी नव्याने आली तेव्हा ‘जुपिटर’ची सिंगल बाजारात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. इतक्यात कढी आंबते तरी का? जुना आवाज पुसायचा म्हणून, तंत्र जुनं झालं म्हणून, किंवा हक्क दुसऱ्याकडे अडकले म्हणून हे केलं असतं तर ‘जुपिटर’ला हात लावायचं काहीच कारण नव्हतं. हक्काचा प्रश्नही नव्हता. आधीची बहुतेक गाणीही व्हिक्टरकडेच, ही तबकडीही व्हिक्टरचीच. तुमच्या लेखात अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचं उदाहरण आहे, २०२१ पासून तिने जुने अल्बम पुन्हा गायले ते मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क तिच्या हातात नव्हते म्हणून. तिथे उद्देशच असा की नवं जुन्यासारखं हुबेहूब वाटावं. इथे नेमकं उलट. ऐकणाऱ्याने म्हणावं, अरे, हे ते नव्हे, हीच अपेक्षा. दोन्ही गोष्टी एका टोपलीत टाकून तुमच्या लेखकाने वेळ वाचवला.

आपण मराठी माणसांनी तरी हे बोलू नये. तीच बंदिश तोच गवई विशीत गातो, पन्नाशीत गातो, सत्तरीत दात पडल्यावर गातो आणि आपण तिन्ही ध्वनिफिती जमवून वाद घालतो. कोणी म्हणत नाही की हा शिळी कढी पाजतोय. या केस उभे केलेल्या जपानी पोरांनी तेच केलं की खिशात हात?

मला हे इतकं लागायचं कारण माझ्या धंद्यात आहे. दुभाष्याला वाक्य एकदाच मिळतं. तोंडून गेलं की गेलं. आणि बरोबर वाक्य नेहमी रात्री सुचतं, भांडी घासताना.

एक सांगते. ओतातच, पहिल्या महिन्यात, एक ज्येष्ठ जपानी मिस्त्री आमच्या मुलांना एका भागाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून काही समजावत होते. त्यांचा शब्द होता ‘निगे’. ‘निगेरु’ म्हणजे पळून जाणं, हे मी रानडेच्या पहिल्या वर्षात शिकले होते. तेव्हा मी ठणठणीत आवाजात सांगितलं: ‘ते म्हणतायत, इथे पळून जायला वाट ठेवा.’ बारा इंजिनिअरांनी एकसाथ दाराकडे पाहिलं. एकाने हळूच विचारलं, ‘आग लागली का?’ मिस्त्री गोंधळले. ‘निगे’ म्हणजे यंत्रकामात दोन भाग एकमेकांना घासू नयेत म्हणून मुद्दाम सोडलेली मोकळी जागा. आपल्या शॉपफ्लोअरवर सरळ ‘क्लिअरन्स’ किंवा ‘रिलीफ’ म्हणतात. पुढे आठवडाभर ती मुलं मला बघून दाराकडे बोट करायची.

दुसऱ्यांदा हा शब्द आला तेव्हा मी ‘क्लिअरन्स’ म्हटलं. बरोबर होतं, आणि अगदी मेलेलं होतं. तिसऱ्यांदा, कितीतरी वर्षांनी, चाकणच्या एका कारखान्यात, नवीन पोरांपुढे मी म्हटलं: ‘क्लिअरन्स ठेवा. हे लोक त्याला पळवाट म्हणतात, कारण तापल्यावर लोखंडाला फुगायला वाट लागते, नाही दिली तर ते दुसऱ्याच्या अंगावर येतं.’ पोरांच्या डोळ्यांत काही तरी पेटलं. एकाने वहीत ‘पळवाट’ लिहून खाली दोनदा रेघ मारली. वाक्य तेच. ते तिसऱ्या खेपेला नीट बसलं, आणि त्या तिसऱ्या वाक्यात पहिली चूकही आत होती. ती नसती तर ते जमलंच नसतं.

‘व्हिक्टिम्स ऑफ लव्ह’च्या नव्या रूपात मला हेच ऐकू येतं. जुना पळता वेग त्यात नाही, पण तो कुठे होता याची जागा शिल्लक आहे, आणि गाणं त्या जागेत श्वास घेतं. पहिल्या खेपेला जे गाणं त्यांना नुसतं सुचलं होतं, ते दुसऱ्या खेपेला त्यांना कळलं. मधे काय झालं? मधे चारशे वेळा ते स्टेजवर वाजवलं असेल. अटक झाली, परत आले. आणि साकुराईची आई गेली. ‘जुपिटर’ तिच्यासाठी लिहिलेलं. ‘साकुरा’ही तिच्याचसाठी, पण ते या अल्बममध्ये घेतलेलं नाही, ही माझी एक तक्रार. आणि घेतलं नाही ते बरंच झालं, असंही कधी कधी वाटतं. एकदा म्हटलं तेवढं पुरे, असं एखादं गाणं असू शकतं.

कढीवरून आठवलं. तुमच्या शीर्षकातल्या रूपकाचीच गोष्ट घ्या.

मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, ती हजेरीवाली मुलगी मला तिच्या आजीकडे घेऊन गेली. आजी फुजिओकाजवळ राहायची. ओताहून इसेसाकी, तिथून ताकासाकी, आणि ताकासाकीहून हाचिको मार्गावरची दोन डब्यांची डिझेल गाडी. विजेची गाडी नव्हे, डिझेलची, आपल्या जुन्या रेल्वेसारखी धुराचा वास देणारी. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ‘फुजिओका’ म्हणजे फुजीच्या फुलांची टेकडी. जांभळे घोस खाली लोंबत असतात, आपल्या बहाव्याचे पिवळे लोंबतात तसे. बराचसा बहर ओसरला होता, रस्त्यावर जांभळा चुरा पडलेला. आजीचं घर जुनं, लाकडी, वरचा मजला आता रिकामा. पूर्वी तिथे रेशमाचे किडे पाळायचे. सगळं गुनमाच पूर्वी रेशमावर जगलं. आजी म्हणाली, रात्री वरून पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. किडे पानं खायचे त्याचा.

आम्ही त्या गावात कशासाठी आलो, हे नातीने आजीला सांगितलं: ‘बकुचिकु’चं गाव बघायला. आजीने दोघींकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि विचारलं, ‘फटाके? आज कुठे?’

रात्री आजीने ‘ओक्किरिकोमि’ केलं. गव्हाच्या पिठाच्या रुंद पट्ट्या, मुळा, गाजर, बटाटा, सगळं एका भांड्यात उकळलेलं. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, अगं, ही तर वरणफळं! डाळ नाही, फोडणी नाही, पण वरणफळं. सोबत मासा उकळलेला नाही ना, हे मी तीनदा विचारून घेतलं. होता. थोडासा. मी खाल्लं, आईला आजवर सांगितलेलं नाही. उरलेलं भांडं आजीने झाकून ठेवलं आणि सकाळी तेच पुन्हा चुलीवर चढवलं. पट्ट्या विरघळून रस घट्ट झालेला, तळाला किंचित लागलेला. आजीच्या मते खरं ओक्किरिकोमि ते हेच, दुसऱ्या दिवसाचं. पहिल्या रात्रीचं नुसतं पाहुण्यांसाठी. वरणफळांचंही तसंच नाही का? फोडणीच्या पोळीचं काय? आपल्या स्वयंपाकघरात निम्मे चांगले पदार्थ दुसऱ्या दिवशी जन्माला येतात आणि पुरवणीत मात्र ‘शिळं’ ही शिवी.

पण खरं सांगू का, हे रूपक इथे लागूच होत नाही. शिळं गरम करणं वेगळं. १९८७ चा ‘हरी अप मोड’ हा अल्बम त्यांनी १९९० मध्ये जुन्याच ध्वनिमुद्रणाचं नवं मिश्रण करून काढला, ते पाहिजे तर गरम केलेलं म्हणा. ‘कोरोशि नो शिराबे’मध्ये जुनं काहीच नाही. भांडं घासून, पीठ पुन्हा मळून, पाणी नव्याने उकळून केलेलं. पदार्थ तोच, हात तेच. आणि हात तेच, यालाच सगळं महत्त्व आहे. पुढे इतर जपानी बँडांनीही हे केलं: ‘लुना सी’ने १९९१ चा आपला पहिला अल्बम २०११ मध्ये पुन्हा वाजवला, ‘एशियन कुंग-फू जनरेशन’ने २००४ चा ‘सोल-फा’ २०१६ मध्ये अथपासून इतिपर्यंत पुन्हा केला. तिथे बारा-वीस वर्षांचं अंतर होतं, मागे वळून बघणं होतं. बकुचिकुंनी ते पंचविशी ओलांडता ओलांडता केलं. मागे वळायला अजून रस्ताच झाला नव्हता. त्यानंतरच्या दौऱ्याचं नावही त्यांनी अल्बमच्या चालीवर ठेवलं, ‘धिस इज नॉट ग्रेटेस्ट टूर’. सप्टेंबरात योकोहामा अरेनात दोन दिवस मोठा कार्यक्रम झाला. मी नव्हते. ऑगस्टमध्ये आमची तुकडी परत आली. येताना त्या मुलीने मला नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर सगळा अल्बम उतरवून दिला, पाठीवर बारीक अक्षरांत चौदा नावं. ती कॅसेट पुण्याच्या तीन पावसाळ्यांत बुरशी धरून गेली. नावांचा कागद आहे.

त्यांना प्रत्यक्ष ऐकायचं राहिलं ते राहिलंच. पुढे किती वेळा जपानला गेले, दर वेळी डिसेंबर चुकायचा.

२०२३ च्या १९ ऑक्टोबरला, योकोहामातच, चाहत्यांच्या क्लबासाठीच्या कार्यक्रमात साकुराईला स्टेजवर अस्वस्थ वाटलं. त्याच रात्री तो गेला, मेंदूत रक्तस्राव होऊन. वय सत्तावन्न. बातमी पाच दिवसांनी जाहीर झाली, २४ तारखेला. त्या दिवशी आपला दसरा होता. मी दाराला झेंडूचं तोरण बांधत होते, फोन टेबलावर वाजला. हजेरीवाल्या मुलीचा निरोप. ‘मुलगी’ म्हणतेय, तिला आता नातू आहे. एकच ओळ होती, आणि शेवटी तिने नेहमीसारखं टिंब दिलं नव्हतं. तोरण एका बाजूने लोंबत राहिलं, संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या शेजारणीने दुसरं टोक बांधलं.

त्याच वर्षी २९ डिसेंबरला बुदोकानातला कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. चौघे स्टेजवर, आणि साकुराईचा गळा जुन्या ध्वनिमुद्रणातला. मी तो नंतर पडद्यावर पाहिला. १९९२ मध्ये पाचही जणांनी सगळंच नव्याने केलं होतं. आता गळा जागचा हलत नव्हता आणि चौघे त्याच्या भोवती ताजं वाजवत होते. गळ्याने श्वास घेतला की हे थांबत होते. तो घाई करत होता तिथे हे घाई करत होते. यागामी तेव्हा एकसष्टचा. पुढच्या वर्षी डिसेंबरात त्यांनी ‘सुब्रोसा’ नावाचा नवा अल्बम काढला, इमाई आणि होशिनोच गातात त्यात. मला तो अजून पुरता पचलेला नाही. वेळ लागेल.

मी यंदा सत्तावन्नची झाले. हे लिहायचं कारण काही नाही, लिहून गेले.

पत्र लांबलं. छापताना कात्री लावणार असाल तर सायकलवरचे आजोबा काढा, मासा काढा. पळवाटेची गोष्ट मात्र ठेवा. लेखकाने ‘कोरोशि नो शिराबे’मधलं ‘व्हिक्टिम्स ऑफ लव्ह’ आधी जुनं आणि मग नवं, त्याच क्रमाने, एकदा ऐकावं. मधे बोलू नये.

आणि येत्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापता आली तर पाहा. बँडचं नाव बकुचिकु. ‘टिक’ नाही, ‘चिकु’. फळातला ‘कू’ दीर्घ असतो, हा ऱ्हस्व.

आपली,
एक जपानी दुभाषी
चिंचवड, पुणे